सारखं तोंड येतंय, ही ‘उष्णता’ म्हणजे नेमकं काय असतं?

उत्तरेश्वरची_सून | सोमवार, सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर दर महिन्या-दीड महिन्याला माझं तोंड येतंय. एकदा आलं की खालच्या ओठाच्या आत एक, जिभेच्या कडेला दोन, कधी गालाला, मुगाच्या डाळीएवढे पांढरट खड्डे आणि भोवतीनं लालभडक कड. आठ-दहा दिवस साधा वरण-भात झोंबतो. परवा मुलाला हाक मारायला तोंड उघडलं आणि जीभ दाताला घासली तर डोळ्यात पाणीच आलं, पोरगं बिचारं घाबरून माझ्याजवळ येऊन बसलं.

सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा घे. आई म्हणते पोट साफ नाही. शेजारच्या काकू म्हणतात जाईचा पाला चघळ. मेडिकलवाले दादा बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप आणि एक जेल देतात. सगळं करून झालंय, दरवेळी बरं होतं आणि परत येतं.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. आयुर्वेदात याला काय म्हणतात आणि उपाय काय सांगितलाय, व्हॉट्सॅपवर फिरतं ते नको, कुणी शिकलेलं असेल त्यांनी सांगा. आणि तुमच्यापैकी कुणाचं हे कायमचं थांबलंय का, थांबलं तर कशानं?

वय ३४. तंबाखू, पान, सुपारी काही नाही. चहा चार वेळा. तिखट आपलं कोल्हापूरचं, घरात सगळे खातात तेवढंच.


कट_जादा | ९.०२

वैनी, ‘घरात सगळे खातात तेवढंच’ म्हणजे किती ते आधी सांगा की! आपल्याकडं पाव्हण्यासाठी मुद्दाम फिकी केलेली आमटी पण बाहेरच्या माणसाला घाम फोडती. पण एक खरं सांगतो, तिखटानं तोंड येत न्हाई, आलेल्या तोंडाला तिखट झोंबतंय. आमची आज्जी ८६ वर्षं जगली, रोज चटणी-भाकरी, एकदा तोंड आलेलं मला आठवत न्हाई.


साधना_कोथरूड | ९.३०

काकू बरोबर सांगतायत, जाईचा पाला. माझं माहेर मंगळवार पेठेत, परड्यात जाईचा वेल होता. तोंड आलं की आई सहा-सात पानं तोडून आणायची, अगदी कोवळी नाहीत, जरा जून झालेली, दोन पाण्यांतनं धुवायची आणि समोर उभी राहून चावायला लावायची. पहिलं एक-दोन मिनिटं नुसतं कडू-तुरट, जिभेवर लोकर बसल्यासारखं वाटतं, मग लाळ सुटायला लागते आणि तोंडात हिरवट पाणी होतं. ते गिळायचं नाही, गालात या बाजूनं त्या बाजूला घोळवायचं, दुखऱ्या जागेवर थांबू द्यायचं आणि मोरीत थुंकायचं. दिवसात तीनदा केलं की रात्री भात खाता यायचा.

पुण्यात आल्यावर नर्सरीतून जाई म्हणून आणलेलं रोप सायलीचं निघालं, ते फूल आल्यावर कळलं. तेव्हा वेल ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या.


गवळगल्ली | ९.४१

तोंडली! कच्ची तोंडली चावायची. पाला पण चालतो.


रुईकरकॉलनी_काका | १०.०५

आमच्याकडे पेरूचा कोवळा पाला. आणि ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरणे. आता ६८ चालू आहे, दोन्ही नेहमी उपयोगी पडलंय. मात्र ताईंनी विचारलंय कायमचं कशानं थांबलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण मला कधी दर महिन्याला आलं नाही.


वैद्यताई | ११.१५

मी वैद्य आहे, इथं न तपासता औषध सांगणार नाही, पण प्रश्न नीट विचारलाय म्हणून नीट लिहिते.

आपल्याकडं याला मुखपाक म्हणतात. पाक म्हणजे पिकणं. सगळ्या तोंडात पसरणारा म्हणून ‘सर्वसर’ असंही नाव आहे. सुश्रुतांनी तोंडाचे रोग ६५ मोजलेत आणि त्यांच्या जागा ७ सांगितल्यात, ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, घसा आणि सातवी जागा म्हणजे सगळं तोंड. वाग्भटांनी हाच आकडा ७५ वर नेलाय. म्हणजे ‘तोंड आलंय’ हा आपला एक शब्द, पण त्यांनी किती बारकाईनं बघितलंय बघा.

या सर्वसरात तीन तऱ्हा. टोचल्यासारखं दुखणारे फोड असतील तर वात. लाल, पातळ, पिवळसर आणि आग आग होणारे असतील तर पित्त, आणि रक्त बिघडून होतं ते दिसायला या पित्तासारखंच. खाज जास्त, दुखणं कमी आणि फोडाचा रंग आजूबाजूसारखाच असेल तर कफ. आता यातलं आपलं कुठलं ते आरशात बघून ठरवा. तुम्ही लालभडक कड आणि आग लिहिलंय ते पित्त-रक्ताकडं जातं. सासूबाईंची ‘उष्णता’ ती हीच, थर्मामीटरला न दिसणारी. जागरण, उपाशीपोटी चहा, आंबट-खारट-तिखट, शिळं, पोट साफ न होणं, मनावरचा ताण, यानं वाढते.

उपाय पण तिन्हीला सारखे नाहीत, आणि घरगुती औषध एकाला लागू पडतं, दुसऱ्याला पडत नाही ते यामुळंच. वाताच्या फोडाला सुश्रुत मीठ चोळायला सांगतात आणि तेलाचा कवल, म्हणजे तेलाची चूळ. तेच मीठ पित्ताच्या तोंडाला लावलं तर माणूस ओरडेल. पित्ताला गोड, थंड, म्हणजे दूध, तूप, ज्येष्ठमध आणि मुख्य म्हणजे पोटातनं शोधन, विरेचन, म्हणजे औषध देऊन जुलाबावाटे पोट साफ करणं. दर महिन्याला परत येणाऱ्याला नुसता वरनं लेप लावून भागत नाही. पण विरेचन वैद्याच्या देखरेखीखालीच, घरी एरंडेल पिऊन नव्हे.

आणि चूळ दोन प्रकारची. तोंडात हलवता येईल एवढंच द्रव्य घेतलं तर तो कवल, हलवताच येणार नाही एवढं गच्च भरून नुसतं धरून ठेवलं तर गंडूष. धरायचं किती, तर तोंडात कफ भरून येईपर्यंत किंवा डोळ्या-नाकातनं पाणी यायला लागेपर्यंत. आपण दोन सेकंदात थुंकतो आणि म्हणतो गुण नाही आला. व्रण भरायला तुरट-कडू-गोड द्रव्यं, त्रिफळा, जाईचा पाला, उंबर-वडाच्या सालीचा काढा, दारुहळदीचा आटवलेला काढा मधातून. कातापासून केलेल्या खदिरादि गुटीचा पाठ चरकात आहे, ती चघळायची असते, पाण्याबरोबर गिळायची नाही.

तुम्हाला एक काम सांगते. वही करा. कुठल्या तारखेला, कुठल्या जागेला आलं, पाळीची तारीख, त्याआधी चार दिवस जागरण, प्रवास, पोट कसं होतं. तीन महिन्यांची वही घेऊन कुणाही चांगल्या वैद्याकडं किंवा डॉक्टरकडं गेलात तर निम्मं काम झालेलं असेल. आणि रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन, बी-१२, लोह.


फुलेवाडी_बसस्टॉप | ११.५०

वैद्यताई, राग मानू नका पण मला हे वात-पित्त-कफ कधी पटलं नाही. मला चार वर्षं तोंड यायचं, सगळे पाले चावून झाले, गुलकंदाच्या बरण्या संपवल्या, शेवटी एका डॉक्टरांनी बी-१२ बघितलं तर खूपच कमी. मी शाकाहारी, दूध पण आवडत नाही. इंजेक्शनं घेतली, तीन महिन्यात बंद. म्हणजे कारण पोषणाचं होतं, उष्णता कुठं आली त्यात?


वैद्यताई | १२.२०

राग कसला. तुमचं कारण सापडलं आणि तुम्ही बरे झालात, हेच व्हायला पाहिजे. म्हणूनच वर रक्ताच्या तपासण्या लिहिल्यात. संहितेत बी-१२ हा शब्द नाही, पण रस-रक्त धातू, म्हणजे शरीराचं पोषण करणारे घटक, क्षीण झाले तर तोंडाची कातडी टिकत नाही हे आम्ही पण शिकतो. मला एवढंच म्हणायचंय की पाला चावून व्रण भरतो, धातू भरत नाही. दोन्ही वेगळी कामं आहेत.


दातवाले_डॉक्टर | दुपारी २.१०

दंतवैद्य आहे, गर्दी कमी आहे म्हणून लिहितो. वैद्यताईंशी बहुतेक सहमत.

या लहान फोडांना आम्ही ॲफ्थस अल्सर म्हणतो. साधारण ७ ते १४ दिवसात काहीही न करता भरतात, त्यामुळे दहाव्या दिवशी जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं. लोह, बी-१२, फोलेट कमी असणं, ताण, झोप, पाळीच्या आधीचे दिवस, दाताची तुटकी धार, नीट न बसणारी कवळी ही नेहमीची कारणं. एक कारण कुणी लिहिलं नाही, टूथपेस्ट. फेस येण्यासाठी सोडियम लॉरिल सल्फेट घालतात, काही लोकांना त्यानं सारखं तोंड येतं. ते नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून बघा.

औषधं पण बघा. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल आणि अचानक तोंडभर फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. ती गोळी आठवड्यातनं एकदा घ्यायची असते, चुकून रोज घेतलेले पेशंट मी बघितलेत. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरायचीच, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, तिला उष्णता समजून लोक महिनाभर सब्जा खातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुठलाही फोड, चट्टा, खड्डा ३ आठवड्यांत भरला नाही, दुखत असो नाहीतर नसो, तर दाखवायचा. इथं घरगुती काही नाही.


पेठेतला_पैलवान | ३.००

दूध कुणी लिहिलंच न्हाई नीट. आमच्या तालमीत पोरास्नी तोंड आलं की वस्ताद सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर पाठवायचे, समोर म्हैस पिळत्यात, पितळी पेल्यात फेसाळ धारोष्ण दूध, साखर न घालता उभ्यानंच प्यायचं. आणि दुपारी बदाम-खसखशीची थंडाई. मेहनत करणाऱ्या अंगात उष्णता असतीच, खुराक नुसता तिखट-मटण ठेवला तर तोंड येणारच, त्याला दूध-तुपाचा जोड पायजे.


दातवाले_डॉक्टर | ३.२२

पैलवान, दूध-तुपाला माझी ना नाही, तोंड आलेलं असताना थंड दूध-सायीसारखं दुसरं जेवण नाही. पण न उकळता प्यायलेल्या दुधातून जनावराचा टीबी आणि ब्रुसेलोसिसचा ताप येऊ शकतो. उकळून गार करून प्या.


पेठेतला_पैलवान | ३.३०

डॉक्टर, बाप-आजा तेच प्यायले. कट्ट्यावरचं दूध उकळून प्यायचं म्हटलं तर कट्टा कशाला मग?


रुईकरकॉलनी_काका | ३.४८

पैलवान, मीही तिथे ४० वर्षे प्यायलो आहे आणि तो फेस आजही आठवतो. तरी माझ्या मेव्हण्याला सात महिने ताप येऊन ब्रुसेलोसिस निघाला, त्यांचा घरचा गोठा होता. तेव्हापासून आम्ही घरी आणून एक उकळी देतो. कट्ट्यावर गप्पा मारायला जातो.


नवीबाळंतीण | ४.१५

मध्येच विचारते, माझं बाळ ५ महिन्यांचं आहे, जिभेवर पांढरं आलंय, दूध ओढताना रडतं. आज्जेसासूबाई म्हणतात सवागीची लाही मधातून लावू. लावू का?


वैद्यताई | ४.१८

नको! मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. सवागी म्हणजे टाकणखार, बोरॅक्स, मोठ्यांना लावतात ते बाळाच्या पोटात गेलं तर विषबाधा होऊन फिट येऊ शकते. वाग्भटांनी सुद्धा कवल पाच वर्षांच्या खाली करू नये असं लिहिलंय, तान्ह्या बाळाच्या तोंडात औषध घोळवण्याचा प्रश्नच नाही. हे बहुतेक बुरशीचं आहे, बालरोगतज्ज्ञ थेंब देतात, आजच जा. तुमचं स्तन पण दाखवा, आईला असेल तर दोघांना औषध लागतं.


नवीबाळंतीण | ४.२६

निघाले. आज्जींना वाचून दाखवलं, त्याच म्हणाल्या चल मी पण येते.


शाहूपुरी_तिसरीगल्ली | मंगळवार, सकाळी ७.५५

मी परवा सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेलतो तेव्हाची गोष्ट सांगतो. सासूबाई ३० वर्षं मिश्री लावायच्या, सकाळ-संध्याकाळ, तव्यावर तंबाखू भाजताना सगळ्या घराला ठसका लागायचा. नातवानं हट्ट केला म्हणून दिवाळीपासनं सोडली. आणि सोडल्यावर पंधरा दिवसात तोंडभर फोड! लगेच शेजारणी म्हणायला लागल्या, बघा, मिश्री होती तवर तोंड धड होतं. त्यापण परत डबी शोधायला लागल्या. मी तडक उठलो आणि घेऊन गेलो.


गोव्याचा_बाबू | ८.१०

दादा तुमच्या सासूबाईंना सलाम, ३० वर्षांची सवय सोडणं सोपं नाही.


शाहूपुरी_तिसरीगल्ली | ८.१४

मी बाई आहे वो! आमच्या कोल्हापुरात बायका पण आलो-गेलोच म्हणतात 😄


दातवाले_डॉक्टर | ९.२०

वहिनी फार चांगलं केलंत. तंबाखू सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत असे फोड येणं नेहमीचं आहे. तंबाखूनं तोंडाची आतली कातडी जाड, राठ झालेली असते, ती परत मऊ होताना हे होतं आणि आपोआप थांबतं. या एका कारणानं किती लोक परत डबीकडं वळतात. त्यांना सांगा, हे बरं होण्याचं लक्षण आहे. तरी एकदा तोंड पूर्ण तपासून घ्या, ३० वर्षं झालीत.


शाहूपुरी_तिसरीगल्ली | ९.३१

तपासलं, चट्टा न्हाई काही. आता त्या ज्येष्ठमधाची कांडी चघळत्यात, हाताला पण काहीतरी काम पायजे म्हणत्यात.


कट_जादा | ९.४५

मधाचं पण सांगा कोणीतरी, मी काल लावला तर असा झोंबला की टाचा वर झाल्या. पुस्तकात हाय म्हणत्यात.


वैद्यताई | १०.१०

आहे ना. मधाच्या गंडूषानं तोंडाचा चिकटपणा जातो, व्रण सांधतो, आग आणि तहान शमते असं वाग्भटांनी लिहिलंय. उघड्या व्रणाला पहिलं अर्धा मिनिट झोंबतो, मग शांत होतं. तेवढंही सोसत नसेल तर आधी घरचं तूप लावा, ज्येष्ठमधाची पूड तुपात कालवून तर फारच छान बसतं.


ऊसकरी_कागल | मंगळवार, रात्री १०.४०

दोन दिवस वाचतोय, लिहू का नको करत होतो. लिहितोच.

आमचे धाकटे काका. ऊसतोडणीच्या हंगामात रात्रंदिवस गुऱ्हाळावर, झोप येऊ नये म्हणून मावा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून तळहातावर चोळायचे, तो चर्रचर्र आवाज अजून कानात आहे. उजव्या गालात धरून ठेवायचे, कायम उजव्याच. त्याच जागेला आतनं पांढरा खरबरीत चट्टा आला, मधोमध खड्डा. दुखत नव्हता. दुखत नाही म्हणूनच कुणी मनावर घेतलं नाही. घरात सगळे म्हणाले, गुऱ्हाळाच्या चुलाणापुढं बसतोय, उष्णता झाली. आज्जीनं तोंडली दिली, मीच लक्ष्मीपुरीतनं चांगला गुलकंद आणून दिला, किलोची बरणी. एकानं पुड्या दिल्या, तोंडात बघितलंसुद्धा नाही, नाडी बघून पुड्या दिल्या. चार-साडेचार महिने गेले. मग जबड्याखाली गाठ लागली हाताला, तोवर तोंड दोन बोटं पण उघडत नव्हतं, भाकरी कुस्करून दुधातनं.

ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला, लाईट (रेडिएशन) झाले. दीड वर्ष काढलं त्यांनी. शेवटी बोलता येत नव्हतं तर पाटीवर लिहायचे, ‘पाणी दे’ नाहीतर ‘रेडिओ लाव’. ४७ वर्षांचे होते.

ती गुलकंदाची बरणी अजून फळीवर आहे, निम्मी. गुलकंद वाईट नाही, पाले वाईट नाहीत, मी पण तोंड आलं की जाईच चघळतो. पण ज्याचं औषध गुलकंद नाही त्याला चार महिने गुलकंद दिला आम्ही. म्हणून या धाग्यावर मला एवढंच म्हणायचंय, पाला द्यायच्या आधी टॉर्च घेऊन तोंडात बघा.


साधना_कोथरूड | रात्री ११.०५

काय लिहू. काकांना नमस्कार.


वैद्यताई | बुधवार, सकाळी ८.३०

दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्याच क्षेत्रातल्या माणसानं तोंड न बघता पुड्या दिल्या याचं मला मनापासून वाईट वाटतं. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही आमची रोगी तपासायची पहिली पायरी आहे, मुखरोगात तर तोंड उघडून बघणं सोडून दुसरं पहिलं काम असूच शकत नाही. सुश्रुतांनी सगळे मुखरोग बरे होतात असं कुठंही म्हटलेलं नाही, जिभेखालचा अलास (सूज), टाळूचा अर्बुद (गाठ) असे काही असाध्य म्हणून वेगळे काढलेत. शिवाय तंबाखू आपल्याकडं आली पोर्तुगीजांबरोबर, संहितांच्या कितीतरी शतकांनंतर. मावा खाणाऱ्याच्या गालातला चट्टा त्या ऋषींनी बघितलेलाच नाही. त्याला मुखपाकाची औषधं लावत बसणं हे आयुर्वेद नव्हे.


रुईकरकॉलनी_काका | ९.००

गुटखाबंदी २०१२ साली झाली आपल्या राज्यात. मावा मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर चोळून मिळतो आहे, कॉलेजच्या पोरांच्या खिशात पुड्या दिसतात.


नवीन_गडहिंग्लज | बुधवार, रात्री ९.५०

मी सभासद आजच झालो. वरचं वाचून हात थरथरायला लागले. माझ्या वडलांच्या डाव्या गालात असाच पांढरा चट्टा आहे, दीड महिना झाला असेल. दुखत नाही म्हणतात. मावा दिवसाला पाच-सहा पुड्या. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, वडा चार घासांत खातात, आम्ही चेष्टा करायचो. दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात. काय करू?


दातवाले_डॉक्टर | ९.५८

उद्या सकाळी घेऊन जा. परवा नाही. त्यांना ‘कॅन्सर’ शब्द म्हणू नका, दात दाखवायला चला म्हणा, खरोखर दातवाल्याकडंच जायचंय. तोंड कमी उघडणं हे सुपारीनं होतं, आतली कातडी दोरीसारखी ताठ होते. चट्ट्याचा छोटा तुकडा तपासायला काढतील, बधिर करून, दहा-पंधरा मिनिटांचं काम. गडहिंग्लजला नसेल तर कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढा. पुढं काही निघालंच तर महात्मा फुले योजनेत उपचार होतात, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.


ऊसकरी_कागल | १०.०३

दादा मी येतो बरोबर. सीपीआरला मला सगळ्या खिडक्या माहीत आहेत. स्टँडवर उतरलात की फोन करा, नंबर मेसेजमध्ये पाठवलाय.


पेठेतला_पैलवान | १०.११

आणि चिडले तर मला सांगा. चार पैलवान घेऊन येतो, खांद्यावर बसवून नेऊ. मनापासनं सांगतोय.


शाहूपुरी_तिसरीगल्ली | १०.२०

सोडण्यासाठी सरकारी फोन नंबर आहे १८००-११-२३५६, फुकट. सासूबाईंना मी तिथनंच बोलायला लावलेलं.


उत्तरेश्वरची_सून | साडेतीन आठवड्यांनी, शनिवार

धागा मी काढला आणि मीच गायब झाले, पण वही करत होते.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.१, लोहाचा साठा एकदम तळाला. पाळी जास्त जाते, त्याचंच आहे म्हणाल्या डॉक्टर. वहीत लिहिल्यावर मला जे वर्षभर दिसलं नव्हतं ते दिसलं, जुन्या तारखा पण आठवून लिहिल्या, प्रत्येक वेळी पाळीच्या चार-पाच दिवस आधी, आणि त्यातही ज्या महिन्यात परीक्षेचे पेपर तपासायला रात्री जागते तेव्हा जास्त. लोहाच्या गोळ्या चालू केल्यात. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे तिथं कळलं, म्हणजे मी आधी घेतल्या त्या निम्म्या वाया गेल्या असणार. सकाळचा उपाशीपोटी चहा बंद केला, तेवढं फार जड गेलं. वैद्यांकडं पण जाऊन आले, त्यांनी आधी टॉर्च लावून तोंड बघितलं तेव्हा मला ऊसकरी दादांची आठवण आली. विरेचन सध्या नको म्हणाल्या, रक्त भरू दे आधी. रात्री ज्येष्ठमध-तूप लावायला दिलंय.

या महिन्यात आलं, पण एकच, आणि पाच दिवसात गेलं. सासूबाई म्हणतात सब्ज्यानं. मी हो म्हटलं, सब्जा पण घेतेच आहे.

नवीन_गडहिंग्लज, तुमच्या वडलांचं काय झालं? रोज बघत होते काही लिहिलंय का.


नवीन_गडहिंग्लज | शनिवार, संध्याकाळी ६.१५

रिपोर्ट आला म्हणून आजच लिहिणार होतो. कॅन्सर नाही. पांढऱ्या चट्ट्यातल्या पेशी बिघडायला नुकती सुरुवात झालीय म्हणाले, तसंच चालू राहिलं असतं तर पुढं झाला असता. चट्टा काढून टाकला, दर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलंय, तोंड उघडायचा व्यायाम दिलाय, आईस्क्रीमच्या काड्या दातात धरून रोज एक काडी वाढवायची. कालपर्यंत २१ काड्या जातात. ऊसकरी दादा दोन्ही वेळा बरोबर होते, वडील त्यांच्याशीच बोलत बसले सगळा वेळ, काय बोलले मला माहीत नाही, पण बाहेर आल्यावर खिशातल्या पुड्या त्यांनी स्वतः काढून कचऱ्यात टाकल्या.

आता १७ दिवस मावा बंद. आणि डॉक्टर वर म्हणाले तसंच झालं, जिभेला आणि ओठाला बारीक फोड आलेत. या वेळी टॉर्च लावून बघितलं, दवाखान्यात पण दाखवलं, साधे आहेत म्हणाले. वडील म्हणतायत पाला चघळू का, तोंडात काहीतरी लागतंच. जाई चालेल का?


वैद्यताई | ६.३०

चालेल. चट्ट्याच्या जागेला औषध म्हणून नाही, या फोडांसाठी. चट्टा काढलेली जागा पूर्ण भरलीय का ते सर्जनना विचारून मग सुरू करा. धुऊन, चावून, घोळवून, थुंकून.


साधना_कोथरूड | ६.४१

जाईच बघून घ्या हं, सायली नको. गडहिंग्लजला माझी मावसबहीण असते, तिच्या परड्यात माझ्या आईच्या वेलाचीच फांदी लावलेली आहे, आता पार माडीपर्यंत गेलीय. पत्ता मेसेज करते. रोज सकाळी जाऊन ताजी सात-आठ पानं घेऊन या, मी तिला सांगून ठेवते.